नवापूर स्टेशन खरंच अर्धं गुजरातमध्ये आहे का? सुरतहून खास बघायला यावं का?

अर्धं कशाला, अर्ध्याहून जास्त. साधारण 800 मीटर लांबीतले 300 मीटर आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, 500 मीटर तुमच्या तापी जिल्ह्यात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत.

पण म्हणून ‘स्टेशन गुजरातचंच’ हे सुरतेकडचे पाहुणे दर लग्नात ऐकवतात ते साफ चूक. आणि ‘इंग्रजांनी मुद्दाम दोन राज्यांच्या सीमेवर बांधलं’ हे त्याहून चूक. ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरकडे आली ती 1900 च्या आसपास. तेव्हा ना महाराष्ट्र होता ना गुजरात. 1 मे 1960 ला मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातला दिली गेली. त्या वाटणीच्या कायद्याच्या अनुसूचीत गाववार यादीच आहे. गावं इकडची तिकडे झाली, रूळ होते तिथेच राहिले. रेल्वे केंद्राची, त्यामुळे स्टेशनची वाटणी करायची कुणाला गरजच पडली नाही. आजही ते पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात आहे आणि नाव नवापूरच आहे, पलीकडच्या गुजराती तालुक्याचं उच्छल नाही. एवढं पाहुण्यांना सांगा.

बघायला काय, तर तो बाक. मधोमध रेघ, एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. सगळे त्याचा फोटो काढून निघून जातात. माझ्या मते खरी गंमत गाडीत आहे. एलएचबी म्हणजे नव्या पद्धतीचा डबा साधारण 24 मीटरचा, म्हणजे 22 डब्यांची गाडी सव्वापाचशे मीटरच्या पुढे जाते. ती एकट्या महाराष्ट्रात मावत नाही, एकट्या गुजरातेतही नाही. घोषणा चार भाषांत होतात: हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती. डोळे मिटून त्या एकदा ऐका.

सुरत-भुसावळ पॅसेंजरने या, एक्सप्रेसचा थांबा आधी तपासा. गाडीने न येता रस्त्याने आलात तर 10 रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट घ्या, ते दोन तास चालतं. फोटोसाठी रुळांत उतरू नका, पादचारी पूल वापरा.

आणि हो, बॅगेत बाटली असेल तर त्या रेघेपलीकडे गुजरातची दारूबंदी सुरू होते. परमिट नसेल तर बाकावर बसण्याआधीच विचार करा.