शब्दचर्चा : 'मॉड्युलर' अणुभट्टीला 'प्रमाणित' म्हणावं का?

आर्वी तालुक्यातल्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'स्मॉल मॉड्युलर रिॲक्टर'साठी 'लघु प्रमाणित अणुभट्टी' असं त्यांच्या वाचनात आलं, ते बरोबर का? 'भट्टी' म्हटलं की वर्गातली पोट्टी मोहाची भट्टी समजून हसतात, तर दुसरा शब्द आहे का? आणि 'मॉड्यूल'मधला 'यू' ऱ्हस्व की दीर्घ?

आधी भट्टी. (दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यातल्या पोरांना तिची इतकी माहिती कशी, ते मी विचारत नाही.) मॅडम, हसू द्या त्यांना, पण शब्द बदलू नका. संस्कृतात 'भ्राष्ट्र' म्हणजे धान्य भाजायचं साधन. भट्टी त्याच घराण्यातली. तिची खरी ओळख उष्णतेची, जाळाची नव्हे. अणुभट्टीत काहीच जळत नाही, युरेनियमची अणुकेंद्रं फुटतात. पण निघते ती उष्णताच. तिनं पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. पुढचा सगळा कारभार कोराडी-चंद्रपूरसारखाच, फक्त कोळशाच्या बॉयलरची जागा या भट्टीनं घेतलेली. इंग्रजीत तर सुरुवातीला 'पाइल' म्हणजे चक्क 'ढीग' म्हणत, कारण 2 डिसेंबर 1942 ला शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि सहकाऱ्यांनी चालवलेली पहिली अणुभट्टी ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांची रासच होती. त्यापेक्षा आपली भट्टी बरी.

आता 'प्रमाणित'. हा शब्द मला अजिबात पटत नाही, आणि का ते तुमच्या गावातला कोणताही शेतकरी सांगेल. सोयाबीनच्या पिशवीला निळा टॅग शिवलेला असतो, ते प्रमाणित बियाणं. म्हणजे कोणीतरी तपासलं, पास केलं, शिक्का मारला. 'प्रमाणित अणुभट्टी' वाचून मुलांना वाटणार, हिची तपासणी झालेली आहे. तपासणी हा वेगळाच विषय आहे. आपल्याकडे ते काम अणुऊर्जा नियामक मंडळाचं, आणि भट्टी कितीही मॉड्युलर असली तरी ते चुकत नाही. एकच आराखडा पुन्हापुन्हा वापरायचा, हा अर्थ भाषांतर करणाऱ्याच्या मनात असावा. पण त्याला 'एकसाची' म्हणता आलं असतं.

खरी गोम अशी की मॉड्युलर या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. पहिला : एकेक भट्टी हेच एक मॉड्यूल, म्हणजे ठरलेल्या मापाचा सुटा घटक, आणि गरजेप्रमाणे शेजारी दुसरी, तिसरी लावत जायची. अमेरिकेतल्या नूस्केल कंपनीचं मॉड्यूल 77 मेगावॅटचं, आणि एका केंद्रात अशी 12 पर्यंत बसवायची कल्पना. या अर्थाला मराठीत जुना, घरचा शब्द आहे : खण. चार खणी घर, सहा खणी घर. वीजकेंद्राच्या बाबतीत आपण 'संच' म्हणतो खरं, पण संच कसाही, कितीही मोठा असू शकतो; खणाचं माप ठरलेलं असतं.

दुसरा अर्थ बांधण्याच्या रीतीचा, आणि सगळा गाजावाजा त्याचाच आहे. मोठं अणुकेंद्र जागेवर वर्षानुवर्षं बांधत राहतात. इथे भट्टीचे मोठमोठे भाग कारखान्यात घडवायचे, तिथेच वेल्डिंग तपासायचं आणि जागेवर फक्त जुळवायचे. गावोगाव सिमेंटचे खांब आणि फळ्या ट्रकमधून आणून दोन दिवसांत उभं करतात ते 'रेडिमेड कंपाउंड' पाहिलंय ना, रीत तीच. अर्थात ट्रकमध्ये मावेल तेवढंच येतं. नूस्केलचं मॉड्यूल सुमारे 23 मीटर उंच आणि साडेचार मीटर व्यासाचं, म्हणून तेही तीन तुकड्यांत न्यायचं ठरलं. रशियानं 'अकादमिक लोमोनोसोव' या जहाजावर 35 मेगावॅटच्या दोन भट्ट्या बसवल्या आणि अख्खं केंद्रच तरंगत पेवेक बंदरात ओढून नेलं. डिसेंबर 2019 पासून ते तिथे वीज देतं. कारखान्याचा फायदा मात्र एकसारख्या ऑर्डरी ढिगानं आल्या तरच. नूस्केलचा युटामधल्या वीजसंस्थांसाठीचा प्रकल्प खर्च वाढल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द झाला.

या दुसऱ्या अर्थाला मी आधी 'जोडणीची अणुभट्टी' सुचवणार होतो. पण आपल्याकडे जोडणी म्हणजे कृषिपंपाची, तीही कधी मिळेल याची वाट बघायची. म्हणून 'जुळणीची' म्हणा. मोटारीची जुळणी, अक्षरजुळणी आपण म्हणतोच. लग्नाची जुळणी आठवून पोरं परत हसतील, त्याला इलाज नाही.

'लहान' आणि 'मॉड्युलर' यांत गल्लत करू नका, हेही वर्गात सांगाच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 'एसएमआर' या अक्षरांचा अर्थ पूर्वी 'लहान व मध्यम अणुभट्ट्या' असा करत असे; 'एम'चं मॉड्युलर नंतर झालं. आता 300 मेगावॅटपर्यंतची ती लहान. आपली 220 मेगावॅटची 'भारत लघु अणुभट्टी' आकारानं या मापात बसते, पण ती मुळात आपल्या जुन्या, हात बसलेल्या जडपाणी (जड हायड्रोजनचं पाणी वापरणाऱ्या) भट्टीचीच सुधारित आवृत्ती. मॉड्युलर म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्र जिच्यावर काम करतंय ती 200 मेगावॅटची निराळी. 2025-26 च्या अर्थसंकल्पात 20,000 कोटी आणि 2033 पर्यंत किमान 5 स्वदेशी भट्ट्या असं जे आलं, ते मॉड्युलर भट्ट्यांसाठी.

तेव्हा फळ्यावर 'लहान मॉड्युलर अणुभट्टी' लिहा आणि समजावताना 'जुळणीची' म्हणा. 'खण' शेजारीशेजारी लावलेल्या भट्ट्यांसाठीच राखून ठेवा. राहिला 'यू' : 'मॉड्यूल' दीर्घ, कारण फूल, मूल यांच्यासारखा तो शेवटच्या अकारान्त अक्षराच्या लगेच आधी येतो. 'मॉड्युलर'मध्ये ती जागा सरकते, म्हणून ऱ्हस्व. 'मॉड्युलचा' हेही तसंच, ऱ्हस्व.