हिवाळ्यात बोटीतून देवमासे आणि समुद्रपक्षी पाहायचे असतील, तर नवी मुंबईकराने कुठे जावे?

आपण घणसोलीला राहता, परदेशातील हिवाळी सागरी सफरींची चित्रणे पाहून आपल्यालाही बोटीतून खोल समुद्रातील पक्षी आणि देवमासे पाहण्याची ओढ लागली आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या आसपास अशी एका दिवसाची सफर मिळेल का, असे आपण विचारले आहे. मी ऐरोलीत राहतो आणि गेली बारा-तेरा वर्षे हिवाळ्यातले बहुतेक रविवार खाडीवर किंवा समुद्रावर घालवतो. म्हणून आधी स्पष्ट सांगतो: मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या बोटीतून देवमासा दिसेल ही आशा धरू नका, आणि तशी हमी देऊन पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. किनाऱ्यालगतचा समुद्रतळ एकदम खोल जात नाही. आधी एक उथळ, सौम्य उताराची पायरी असते, जिला आपण शाळेत समुद्रबूड जमीन किंवा भूखंडमंच म्हणून शिकलो. ही पायरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत रुंद आहे ती मुंबई आणि गुजरातसमोरच, म्हणजे साधारण ३०० किलोमीटर. तेल काढले जाते ते बॉम्बे हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, तरी तेथील खोली जेमतेम ७५ मीटर भरते. घोडबंदर रस्त्यावरची एखादी पंचवीस मजली इमारत तेथे उभी केली, तर तिची गच्ची पाण्याच्या पातळीला येईल. वादळपाखरे आणि शिअरवॉटर हे खोल समुद्रातले पक्षी आणि मोठे देवमासे यांचा वावर प्रामुख्याने जेथे ही पायरी संपते आणि तळ एकदम खाली जातो तेथे असतो, कारण तेथे खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यामागोमाग मासळी येते. आपण पाहिलेल्या चित्रणांतील बंदरांपासून ही कड बहुधा तासाभराच्या अंतरावर असते. आपल्याला तेथे पोहोचायला रात्र काढावी लागेल.

याचा अर्थ मुंबईसमोर देवमासे नाहीतच असा मात्र नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर ब्रायड्स व्हेल जातीचा देवमासा मृतावस्थेत आला होता आणि त्याआधी जून २०१५ मध्ये रेवदंड्याला जिवंत निळा देवमासा किनाऱ्याला लागला. त्याला वाचवता आले नाही. ते आपल्या समुद्रात आहेत, पण ठरवून भेटावेत इतके जवळ किंवा इतक्या संख्येने नाहीत.

माझे मत विचाराल तर पहिला हिवाळा आपल्या दारातल्या पाण्यावर घालवावा, कारण हलत्या बोटीतून पक्षी ओळखण्याची सवय तेथेच होते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी होड्या सुटतात. या खाडीतील सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तेथील होडी घड्याळाप्रमाणे नव्हे, भरतीप्रमाणे चालते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, रोहित त्यावर दूरवर पांगतात आणि होडीला पाणी उरत नाही. भरती चढू लागली की चिखल बुडत जातो आणि थवे कांदळवनाच्या कडेला दाटीने गोळा होतात. कोळी बांधवांचा जुना हिशेब येथे उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती. खाडीत आत ती थोडी उशिरा पोहोचते. त्यामुळे दशमी ते त्रयोदशीच्या दरम्यान येणारा रविवार सकाळच्या फेरीसाठी सोयीचा. तरीही आरक्षणापूर्वी भरतीचे तक्ते पाहून घ्यावेत आणि केंद्राला वेळ विचारावी.

यानंतरची पायरी म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला किंवा गेटवेवरून मांडव्याला जाणारी साधी प्रवासी बोट. तिकीट अगदी थोडे आणि हिवाळ्यात कुरव (सीगल) बोटीच्या मागे इतके जवळून उडतात की दुर्बिणीची गरज पडत नाही. येथे एक कोडे मात्र सुटत नाही म्हणून अनेक जण कंटाळतात: पुस्तकात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन कुरव असतात, आणि समोर तर सगळ्यांची डोकी पांढरी. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यांवरचा रंग जातो आणि कानामागे फक्त शाईचा डाग पडल्यासारखी खूण उरते. तेव्हा डोके सोडून पंखांचे टोक पाहावे. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकात ठसठशीत पांढरे ठिपके असतात आणि डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी दिसते आणि डोळा काळाभोर असतो. यातला पहिला लडाख आणि तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी वीण करून येतो, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे पाहिले की मोऱ्याची फेरी वेगळीच वाटते. प्रवासी त्यांना शेव, वेफर्स फेकतात. कृपया आपण तसे करू नका. मासळीवर जगणाऱ्या पक्ष्याला तळलेले, खारवलेले पीठ खाऊ घालण्यात त्याचे कोणतेही भले नाही.

खऱ्या अर्थाने बाहेरच्या समुद्रासाठी मी आपल्याला सिंधुदुर्गात जायला सांगेन. दक्षिणेकडे ती उथळ पायरी अरुंद होत जाते, आणि २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोर निळा देवमासा आणि त्याचे पिल्लू यांची नोंद संशोधकांनी केली, ती याच पट्ट्यात. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही आठ जण मालवणहून प्रवासी परवाना असलेल्या होडीने निघालो. पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहत असतात, त्यामुळे समुद्र तळ्यासारखा सपाट होता. किनारा धूसर झाल्यावर तासभर काहीच दिसले नाही. मग एका ठिकाणी सुरय (टर्न) पक्षी पाण्यात सूर मारताना दिसले आणि होडी चालवणाऱ्या तांडेलाने आपणहून इंजिन बंद केले. आधी आवाज आला. मोठ्या टायरमधली हवा एकदम सोडावी तसा, पण ओलसर. नंतर सुमारे शंभर मीटरवर काळपट राखाडी पाठ वर आली, लांबच लांब सरकत राहिली, आणि अगदी शेवटी मागे वळलेला छोटासा पर दिसला. पुन्हा वर आला तेव्हा डोके आमच्याकडे होते आणि त्यावरच्या तीन उभ्या कडा स्पष्ट दिसल्या. ब्रायड्स व्हेलची ती खात्रीची खूण. वाऱ्याच्या झुळुकीबरोबर त्याच्या श्वासाचा कुजक्या मासळीसारखा वास आमच्यापर्यंत आला. तो चार वेळा वर आला, शेपूट एकदाही न दाखवता बुडाला, आणि मागे पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल वर्तुळाकार पट्टा राहिला. आम्ही अर्धा तास थांबलो, पण तो पुन्हा दिसला नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचा अनुभव याच्या उलट होता आणि तोही सांगणे मला आवश्यक वाटते. एका गजबजलेल्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवण्याचे पैसे घेणाऱ्या होडीत आम्ही बसलो, आणि चालकाने इतर पाच-सहा होड्यांबरोबर डॉल्फिनच्या एका छोट्या कळपाला घेरले. त्यात एक पिल्लू होते. मी थांबायला सांगितले, तेव्हा बाकीचे प्रवासी माझ्यावरच चिडले. तेव्हापासून मी होडी ठरवतानाच चालकाला विचारतो की, प्राणी दिसल्यावर इंजिनचे काय करणार. त्याच्या उत्तरावरून सगळे कळते. देवमासे आणि डॉल्फिन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यांना हुसकावणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

आपण हिवाळ्याचाच आग्रह धरला आहे, त्याला एका देवमाशाच्या बाबतीत फार चांगला आधार आहे. जगभरातील हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडे जेवायला आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात विणीसाठी येतात. अरबी समुद्रातला हंपबॅक मात्र हा समुद्र सोडून कोठेच जात नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येते आणि त्याचे पोट येथेच भरते. त्याची वीण हिवाळ्यात होते आणि नर याच काळात गातात. १९६० च्या दशकात सोव्हिएत नौकांनी बेकायदा शिकार करून यांतील २४२ देवमासे मारले, आणि ही संख्या आजतागायत सावरलेली नाही. ओमानजवळ उपग्रहाद्वारे माग काढण्यासाठी खूण लावलेली एक मादी २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तेथून कन्याकुमारीपर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. तिचे नाव लुबान, म्हणजे आपल्या ओळखीचा लोबान. ती आपल्याला दिसेल असे मी म्हणत नाही, पण मालवणच्या समुद्रावर मी जेव्हा जेव्हा दुर्बीण लावतो, तेव्हा ती डोक्यात असते.

देवमासा पाहण्याची शक्यता सर्वाधिक हवी असेल आणि खर्च परवडत असेल, तर श्रीलंकेतील मिरिस्सा गाठा. तेथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो आणि डिसेंबर ते एप्रिल या काळात निळे देवमासे दिसतात. मात्र होड्यांची गर्दी होते, म्हणून अंतर राखणारा चालक निवडा. लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाचा प्रवास हाही एक मार्ग आहे, कारण ते उथळ पायरी ओलांडून खोल पाण्यात जाते. पहाटेपासून डेकवर उभे राहण्याची तयारी हवी.

सामानाविषयी थोडक्यात: बोटीवर ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरे, कारण दहापट मोठे करणारी दुर्बीण हेलकावेही तेवढेच मोठे करून दाखवते. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी तासभर आधी गोळी घ्या, पोट रिकामे ठेवू नका, आणि मळमळू लागले की खाली न पाहता क्षितिजाकडे पाहा. पहाटेच निघा, दुपारी खारे वारे सुरू झाले की लाटा फुटू लागतात, आणि फेसाळलेल्या पाण्यात पाठ शोधणे जवळपास अशक्य होते. लाइफ जॅकेट बोटीवर असणे पुरेसे नाही, ते अंगात घालावे.

शेवटी पक्ष्यांबाबत एक दुरुस्ती. आपल्याकडे खोल समुद्रातले बहुतेक पक्षी हिवाळ्यात नव्हे, तर पावसाळ्यात नजरेस येतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात, आणि तेव्हाच वादळी वाऱ्याने मास्क्ड बूबीसारखे पक्षी थकून किनाऱ्यावर, कधी कधी तर शहरातल्या इमारतींच्या आवारातही येऊन पडतात. असा पक्षी आढळला तर त्याला पुन्हा समुद्रात सोडू नका आणि पाणी पाजू नका. हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.