आमेनची घाई

प्रश्न: सहा वर्षं रोज पहाटे अर्धा तास प्रार्थना करते. आधी उपकारस्तुती, मग वहीतली नावं, शेवटी प्रभूची प्रार्थना. पण हल्ली सगळं कोरडं वाटतं, देव लांब गेल्यासारखा. आईला विस्मरणाचा आजार आहे. तिच्या नावापाशी गळा दाटून येतो, मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आमेन’ म्हणून वही मिटते. वेळ वाढवून एक तास करू का?

ताई, तास नको. गळा दाटला की तुम्ही वही मिटता, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला पत्रात तेवढंच दिसलं. प्रार्थना जिथे सुरू होते, नेमकं तिथेच तुम्ही उठता, आणि वर देव लांब गेला म्हणता!

अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं आधी ‘हा प्याला’, म्हणजे पुढ्यातलं दुःख, ‘माझ्यापासून टळो’ असं मागितलं, मग बापाच्या इच्छेवर सोपवलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 26व्या अध्यायात पाहा, तो तीनदा प्रार्थनेला गेला. तुम्ही मागणं गाळून थेट सोपवण्यावर येता. ते सोपवणं नव्हे, ती पळवाट आहे.

उद्या यादी बाजूला ठेवा. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 सावकाश, मोठ्यानं, दोनदा वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. आता वहीच्या कोऱ्या पानावर याच क्रमानं आईसाठी लिहा. तक्रारीत घडलेलं लिहा: ‘काल तिनं मला विचारलं, तू कुणाची?’ मागणंही तसंच नेमकं हवं. ‘तिला सांभाळ’ यात मागितलंत काय? ‘आज एकदा तिनं मला नावानं हाक मारावी’ असं मागा.

लिहिताना एक चूक हमखास होते. ‘देवानं असं का केलं’ असं लिहू लागलात, तर तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवून स्वतःशीच बोलता आहात. ते खोडा आणि ‘तू असं का केलंस’ लिहा. स्तोत्रकर्ता रागातही ‘तू’ सोडत नाही. मन भरकटलं तर लिहिलेलं पुटपुटत वाचा, आवाजानं ते ताळ्यावर येतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अपराधी वाटेल, ही कुरकुर तर नाही ना? आणि मग घाईनं स्तुती करावीशी वाटेल. करू नका. रडू आलं तर अर्धा तास संपेपर्यंत तिथेच बसून राहा, शब्द नसले तरी चालेल. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतोच की, काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा देवाचा पवित्र आत्मा आपल्यासाठी कण्हतो.

भरवशाचा भाग आपसूक आला तरच लिहा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. नाहीच आलं काही, तर तेवढं पान कोरं ठेवा.