डॅशबोर्ड बदलण्याआधी भंगाराच्या ढिगापाशी जाऊन या

"रिजेक्शनचा डॅशबोर्ड एक सांगतो आणि शॉपफ्लोरवरची माणसं भलतंच, टूलच बदलू का?" हे तुमचं, बाद मालाचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनबद्दलचं, वाचलं आणि आमचं २०१९ आठवलं. कोल्हापूरजवळ शिरोलीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे धातू ओतून कास्टिंग करायचा कारखाना, आणि ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) माझ्या गळ्यात. सर्व्हर, बॅकअप वगैरे सोडतो, ते तुम्हाला माहिती असणारच.

माझी चूक सांगतो. रिजेक्शनची एंट्री फेटलिंगच्या (ओतलेले पीस घासून साफ करायच्या विभागातल्या) पोरानं करायची ठरलं, आणि कारणांची यादी मी केली केबिनमध्ये बसून, सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हेंडरच्या माणसाबरोबर चहा पीत. ३८ कारणं! यादीत पहिलंच ब्लो होल (वायू अडकून कास्टिंगला पडलेलं भोक), आणि फील्ड कंपल्सरी, कारण निवडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आता ते पोरगं शिफ्ट सुटताना धुळीनं माखलेल्या कीबोर्डवर साठ पीस एकदम चढवणार, ते यादी खाली कशाला ओढतंय? एंटर, एंटर, एंटर. महिन्याभरात स्क्रीनवर ब्लो होलचा लाल खांब हा एवढा. मग मीटिंगा, साच्याच्या वाळूतला ओलावा तपासा, व्हेंट (वायू बाहेर जायची भोकं) वाढवा, कोअर (आतली पोकळी करणारा वाळूचा गाभा) जास्त भाजा... तीन महिने आणि बक्कळ पैसा गेला, रिजेक्शन जागच्या जागी. शेवटी फेटलिंगचे एक जुने मामा मला ढिगापाशी घेऊन गेले आणि एकेक पीस उलटा करून दाखवला. निम्म्याच्या वर मिसमॅच, म्हणजे साच्याचे दोन अर्धे नीट न जुळल्यानं सरकलेले पीस. साच्याच्या पेट्या जुळवून धरणारे पिन-बुश झिजलेले, बास!

व्हेंडरला फोन केला तर "सर, सॉफ्टवेअर बरोबर चालतंय, डेटा तुमचा", वर यादी बदलायचं वेगळं बिल. नाव घेत नाही, पण राग अजून आहे.

माझं मत सांगतो (मी कन्सल्टंट नाही, पटलं तर घ्या). विक्रीचे आकडे त्यामानानं चोख असतात कारण ई-इनव्हॉइसला (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाला) जीएसटी नंबर चुकला की पोर्टल बिलच घेत नाही, आणि ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्या बहुतेक सगळ्यांना ते आहेच. रिजेक्शनच्या एंट्रीला असं अडवणारं कोण आहे? म्हणून आम्ही कारणं सातवर आणली, पहिली ओळ कोरी ठेवली, तपासणाऱ्यानं पीसवरच खडूनं कारण लिहायचं, पोरानं ते बघून दर दोन तासांनी चढवायचं. हीट नंबर (पीस भट्टीच्या कुठल्या ओतणीतला ते सांगणारा आकडा) नसेल तर एंट्री होतच नाही. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या.

अजून एक, जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला, गेलेला माल सिस्टीममध्ये वेगळ्या लोकेशनला टाकताय ना? नाहीतर मशिनिंगवाल्याकडे पडलेलं कास्टिंग तुमच्याच गोडाऊनमध्ये दिसत राहतं आणि स्टोअरवाला उगाच बोलणी खातो.