गोव्यात पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलीला घरी येणारं गणित परीक्षेत चुकतं. भीतीमुळे असं होतं का?

हो, भीतीने येत असलेलं गणितही चुकतं. मुलगी निष्काळजी आहे असं समजू नका. हिशेब करताना आकडे मनात धरायची जागा मुळात थोडी, आणि 'कमी पडले तर घरी काय म्हणतील' ही काळजी तीच जागा अडवते. त्यात गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला माध्यम बदललं, की प्रश्न समजून घ्यायलाही तीच जागा लागते. रामिरेझ आणि बायलॉक या मानसशास्त्रज्ञांच्या २०११च्या संशोधनात परीक्षेआधी १० मिनिटं मनातली भीती लिहून काढल्यावर घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. ते विद्यार्थी मोठे होते, तरी चाचणीआधी करून बघा. मराठीतच लिहू दे, आणि तो कागद कृपया वाचू नका. मात्र घरी निवांत बसूनही तेच गणित अडत असेल तर कारण फक्त भीती नसेल; शिक्षकांना भेटा.