बॅटरी ५,८०० ची, पण प्रश्न पंधरा महिन्यांचा

वेंगुर्ल्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्या तीन काजू कारखान्यांची आणि दोन दुकानांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी विवरणपत्रं घरून सांभाळतात. महिन्याला साधारण २८,००० रुपये सुटतात. लॅपटॉप २०१९ चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. दोन वर्षांपूर्वी एसएसडी, म्हणजे सगळ्या फायली साठवणारी वेगवान डिस्क, बसवून घेतलेला. चार्जर काढला की पाऊण तासात बंद पडतो. कंपनीच्या सेवा केंद्रात मूळ बॅटरी बसवून ५,८००, कुडाळच्या दुकानात 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण त्यात बसणारी, २,४००. त्याच दुकानदाराने आहे त्या अवस्थेत लॅपटॉपचे ८,००० देऊ केले, बॅटरी चांगली असती तर ११,००० दिले असते म्हणाला, आणि वर सल्ला दिला, "बाय, हो इकून टाक, नवो घे. टॅक्सपण वाचतलो." नवा ५२,००० चा, नऊ महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले ४०,००० आहेत. काय करू?

ताई, आधी दुकानदाराच्या शेवटच्या वाक्याचं बघू, कारण ते सगळ्यात लवकर निकालात निघतं. तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्याही आत आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्यच येतो. जो कर भरायचाच नाही तो वाचवणार कसा? त्यातून तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने (जमेचा ठरावीक हिस्सा हेच उत्पन्न धरून) विवरणपत्र भरत असाल, तर संगणकावरचा ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होण्याबद्दलची वजावट, वेगळा वजा मिळतही नाही. हे वाक्य दुकानदार सगळ्यांनाच ऐकवतात, त्यात तुमच्याबद्दल काही नाही.

दुसरी गोष्ट, बॅटरी बदलून मग विकायचा विचार असेल तर तो सोडा. ५,८०० घालून भाव ३,००० नेच वाढतो.

आता खरा हिशेब. लोक ५,८०० ची तुलना ५२,००० शी करतात आणि तिथेच थांबतात. पण लॅपटॉप ठेवला तर आज हातात येणारे ८,०००ही तुम्ही सोडता. दोन वर्षांनी त्याचे ३,००० आले तरी नशीब. म्हणजे ठेवण्याचा खर्च ५,८०० आणि भावातली ५,००० ची घट, मिळून १०,८००. चोवीस महिन्यांत वाटले तर महिन्याला ४५०.

नवा घेतला, पाच वर्षं वापरला आणि शेवटी ७,००० ला गेला असं धरू. ४५,००० भागिले ६० महिने, म्हणजे ७५०. शिवाय जुना विकून नवा घ्यायला आज ४४,००० लागतात, बॅटरीला ५,८००. मधले ३८,२०० साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते तर वर्षाला २,४८० च्या आसपास व्याज आलं असतं. तेही महिन्याला दोनशेच्या वर. तेव्हा नव्याचा खर्च महिन्याला साडेनऊशे धरा. जुन्याच्या दुप्पट.

पण हे सगळं 'लॅपटॉप दोन वर्षं चालला तर' या एका अटीवर उभं आहे. तो मध्येच मेला, भंगारातही काही आलं नाही, तर तुमचे ५,८०० आणि ८,००० असे १३,८०० गेले. त्याला नव्याच्या महिन्याच्या साडेनऊशेने भागा: साडेचौदा महिने. बॅटरी बदलल्यावर लॅपटॉप पंधरा महिने चालला तरी तुम्ही नुकसानीत नाही. पंधरा महिने म्हणजे एक अख्खा पावसाळा त्यात येणारच. म्हणून विचारायचा प्रश्न हा की तुमचा लॅपटॉप एक पावसाळा काढेल का.

समुद्रालगतच्या घरात याचं उत्तर वयावरून मिळत नाही. खारी हवा आणि दमट भिंती यांनी पुण्यात दहा वर्षं चालणारी वस्तू इथे पाच वर्षांत बसते, आणि कधी कधी चांगली झाकून ठेवलेली आरामात चालतेही. त्यामुळे बॅटरीचे पैसे देण्याआधी मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. मदरबोर्डवर, चार्जिंगच्या जोडणीपाशी हिरवट-पांढरा थर, म्हणजे खाऱ्या हवेचा गंज, दिसतोय का? स्क्रू गंजलेत का? पंखा मोकळा फिरतो का? बिजागरीपाशी प्लास्टिक तडकलंय का? हिरवा थर दिसला तर बॅटरी न घेता झाकण बंद करून घरी या आणि ८,००० घ्या. नुसता पंखा किंवा धूळ असेल तर साफ करून घ्या, ते किरकोळ आहे.

बॅटरीच दोषी आहे याची खात्री तुम्ही पाठवलेल्या बॅटरी रिपोर्टवरून होतेच. मूळ क्षमता ४१,०४० मिलीवॉट-अवर, आता पूर्ण चार्ज होऊन १३,५००. एक तृतीयांश उरलीय. लिथियम-आयनच्या बॅटऱ्या साधारण तीनशे ते पाचशे चार्जिंगनंतर उतरू लागतात, उष्णतेने त्याहून लवकर. सहा वर्षांत हे होणारच होतं. लॅपटॉप बिघडल्याची ही खूण नाही. फक्त एक बघा: टचपॅड वर आलंय किंवा झाकण नीट बसत नाही असं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग आजपासून वापर बंद. ती टोचायची-दाबायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेवा केंद्रातच द्या.

प्रोसेसर आठव्या पिढीचा असणं हे तुमचं नशीब. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढे चालतं. सातव्या पिढीचा असता तर मी विका म्हटलं असतं, कारण पाच जणांचे जीएसटी आणि बँकेचे पासवर्ड ज्या यंत्रावर आहेत त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत हे चालणार नाही. अजून ११ वर गेला नसाल तर ते या आठवड्यात करा, फुकट आहे.

२,४०० ची बॅटरी? तुमच्या जागी मी घेणार नाही. अशा बॅटऱ्यांवर छापलेली क्षमता आणि आतली क्षमता यांचा मेळ असेलच असं नाही. मुलांच्या अभ्यासाच्या लॅपटॉपला चालून जाईल. तुमची गोष्ट वेगळी आहे: महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० ला ३बी (कर भरण्याचं), आणि जुलैतली २० तारीख म्हणजे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. उशीर झाला तर कर असलेल्या विवरणपत्राला दिवसाला ५० रुपये, आणि कारखानदाराचं तोंड वाकडं होतं ते वेगळंच. मूळ बॅटरी घ्या, उत्पादनाची तारीख बघून घ्या, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. पक्कं बिल आणि वॉरंटी लेखी. मात्र दोन-दोन दिवस लाईट नसते तेव्हा नवी बॅटरीही पुरणार नाही. पावसाचे चार महिने ३बी १७-१८ तारखेलाच उरका. हा उपाय बिनपैशाचा.

हप्त्यांबद्दल. ५२,००० चे नऊ हप्ते म्हणजे महिन्याला ५,७७८, तुमच्या कमाईचा पाचवा हिस्सा. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी क्रेडिट कार्डावर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी बहुधा लागतोच. रोखीची सूट जाते ती निराळी. आणि तुम्हीच लिहिलंय की मार्च ते मे कारखानदारांचा पैसा काजूबियांच्या खरेदीत अडकतो, तुमची फी जूनवर जाते. तीन महिने फी नाही आणि हप्ता चालू, हे मला पटत नाही. अडीअडचणीच्या ४०,००० ना तर हातच लावू नका.

त्यापेक्षा बँकेत दोन वर्षांचं आवर्ती खातं (आरडी) उघडा, महिन्याला २,०००. साडेसहा टक्क्यांनी शेवटी ५१,००० च्या थोडं वर जमतात. त्या वेळी जुन्याचे जे येतील ते धरून नवा रोखीने घ्याल. उन्हाळ्यातल्या तीन हप्त्यांचे ६,००० फेब्रुवारीपर्यंत बचत खात्यात वेगळे ठेवा.

आणि जेव्हा केव्हा विकाल, मग आता असो की दोन वर्षांनी, एसएसडी काढून घेऊन विका. भावात थोडे कमी येतील, पण कारखान्यांच्या वह्या दुसऱ्याच्या हाती जाणार नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्याआधी उतरवून घ्या, आणि डिजिटल सहीची डोंगल यूएसबीला तशीच राहिली नाही ना, तेवढं बघा.