वाइल्डरनेस फर्स्ट एडचं (दवाखान्यापासून लांब, रानावनात करायच्या प्रथमोपचाराचं) सर्टिफिकेट संपत आलंय. घरबसल्या ऑनलाइन रिन्यू केलं तर चालतं का, की वर्गाला जावंच लागतं? दोन्ही सर्टिफिकेटं दिसतात सारखीच. (राहणार मुंबई, सह्याद्रीत ट्रेक लीड करतो.)

थिअरी ऑनलाइन आणि हाताचं काम प्रत्यक्ष, असा जोडकोर्स असेल तर बिनधास्त करा. निव्वळ ऑनलाइन असेल, म्हणजे व्हिडिओ, शेवटी एमसीक्यू आणि लगेच पीडीएफ, तर पैसे वाचवा. उत्तर इथेच संपलं. पण ‘दिसतात सारखीच’ हे वाक्य मी आमच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये शब्दशः ऐकलंय, म्हणून पुढचं लिहितेय.

आमचा डोंबिवलीचा जुना ट्रेकिंग ग्रुप. सेक्रेटरींना सगळे अण्णा म्हणतात. 2021 मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणीची चर्चा सुरू झाली, तशी अण्णांना फाइल जाड करायची घाई लागली. माझं सर्टिफिकेट संपत आलं होतं. मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रत्यक्ष वर्ग करते, निम्मी फी ग्रुपने द्यावी. अण्णा म्हणाले, ‘अगं, घरी बसून एका दुपारी होतंय, शनिवार-रविवार कशाला घालवतेस? कागद तर सारखाच दिसतो.’ मी पदरच्या पैशांनी गेले. आमच्या दुसऱ्या लीडरने ऑनलाइन केलं. पोरगा हुशार, पाठांतर चोख, मार्कही भरपूर.

त्यानंतरच्या मार्चमध्ये कोथळीगड. दोघांची कर्जत लोकल चुकली म्हणून आंबिवलीतूनच निघायला उशीर झाला. पेठवाडीला जाणारी ती चढण पाहिली असेल तर सांगायला नको, ऊन वर आलं की डोक्यावर काही नाही. एक जिमवाला मुलगा सगळ्यांच्या पुढे पळत होता. तो वाडीच्या अलीकडे मटकन खाली बसला आणि मला म्हणाला, ‘ताई, कल्याण आलं का?’ सगळे हसले. मस्करीच वाटली त्यांना.

आमचे ऑनलाइन साहेब पुढे झाले. ‘घामाने भिजलाय, म्हणजे हीट एक्झॉशन, नुसता उन्हाचा थकवा. उष्माघातात कातडी कोरडी पडते. ओआरएस देऊ, बसवू, मग चालेल.’ स्लाइडवर दोन रकाने असतात, त्यातला एक त्याने म्हणून दाखवला. पण धावपळ करताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का हे. नाव काय, कुठे आहेस, आज वार कोणता, काय झालं? त्याला नाव सांगता आलं, पुढे सगळा आनंद. अशा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात ओआरएस ओतलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती. आधी त्याला थंड करायचं, हलवायचं नंतर.

आणि थंड करायचं कशाने? पाणी होतं ते प्रत्येकाचं प्यायचं, तेही निम्म्यावर आलेलं. ‘पाणी द्या’ म्हटलं की लोक बाटली पुढे करतात, पण हात सोडत नाहीत. मला अख्ख्या बाटल्या हव्या होत्या. अक्षरशः ओरडून हिसकावल्या. त्याचा टी-शर्ट कात्रीने उभा कापला, ओढण्या आणि नॅपकिन भिजवून मानेवर, काखेत, जांघेत ठेवले, दोघांना कॅरीमॅटने वारा घालायला लावलं. तेवढ्यात वाडीतल्या एक मावशी हंडा घेऊन येत होत्या. मार्चमधलं तिथलं पाणी, किती लांबून आणलं असेल! त्यांनी काही विचारलं नाही. हंडा उतरवला आणि म्हणाल्या, ‘वता, मी परत आणते.’ काही वेळाने त्या मुलाने चिडून विचारलं, ‘माझा टी-शर्ट कोणी फाडला?’ तेव्हा जीव भांड्यात पडला. मग जीप, मग कर्जतचा दवाखाना. शुद्ध आली तरी न्यायचंच असतं, मूत्रपिंडाचा त्रास नंतर वर येऊ शकतो. मुलगा आता ठणठणीत आहे.

हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही. वर्गात बँकेत काम करणारे एक गृहस्थ रुग्ण झाले होते. शर्टाला कात्री लावू देईनात, हात झटकत होते, शिव्या घालत होते, आणि ट्रेनरने आमची अर्धी किट लपवून ठेवलेली. भर उन्हात, मातीत. चालती लोकल पकडायला मोबाइलवर बघून कोणी शिकलंय का?

मीटिंगमध्ये अण्णा म्हणाले, ‘पाणीच ओतलं ना? माझ्या आजीनेही ओतलं असतं.’ ओतलं असतं, अण्णा. पण तिथे आजी नव्हती, तुमचा सर्टिफिकेटवाला होता.

आता तुमच्या कामाचं. सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी 2 वर्षं चालतं, काही संस्थांचं 3. मुदत संपायच्या आत हला, नंतर बऱ्याच संस्था छोटा रिफ्रेशर देत नाहीत, पूर्ण कोर्स पुन्हा करायला लावतात. साधा कोर्स साधारण 16 तासांचा. हिमालयात काम करायचं असेल तर फर्स्ट रिस्पॉन्डर, 70-80 तास, तो वेगळाच प्रकार. तुमचं सर्टिफिकेट ज्यांनी दिलं त्यांनाच आधी लेखी विचारा, ते कुठला ऑनलाइन भाग धरतात ते. आणि ट्रेनरला विचारा, आग्या मोहोळ उठलं तर काय? फुरसं चावलं तर? ‘घट्ट आवळून बांधा’ किंवा ‘चीर द्या’ म्हणाला तर उठून या. अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेला दवाखाना गाठायचा, एवढंच. नुसतं अस्वल आणि हिमदंश शिकवणारा आपल्या उपयोगाचा नाही.

ऑनलाइन भाग अगदीच टाकाऊ आहे असं नाही. शॉक, डोक्याला मार, ही थिअरी मी पुढच्या वेळी लोकलमध्येच उरकणार आहे. तान्हं मूल घरात असेल, शिफ्ट असेल, तर तेवढा एक दिवस वाचतो. सीपीआर मात्र पुतळ्यावरच. मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत हात भरून येतात, ते आधी स्वतःला कळलेलं बरं. आणि मी डॉक्टर नाही, हेही ध्यानात ठेवा.

फी ग्रुपकडे मागा. नाही म्हणाले तर तसं इतिवृत्तात लिहून घ्या. मी घेतलंय.